दहा यार्डांची साखळी

आर्डन हॉगरूड आणि मी सव्वीस वर्षं एकाच साखळीला बांधलेले आहोत, आणि आमचं लग्न झालेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या हॅलिंग गावात लोकांना बोलायला तेवढंही पुरतं. कॉलेजच्या फुटबॉल मैदानाच्या कडेला ती साखळी असते; फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायचा आमचा अमेरिकन फुटबॉल. दोन टोकांना दोन नारिंगी काठ्या, मधे बरोबर दहा यार्ड. पुढची काठी आर्डनची, मागची माझी. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढं नेला तर तो आपल्याकडं राहतो, नाहीतर समोरच्याला द्यावा लागतो. नेला की नाही नेला, ते आमच्या काठ्या सांगतात.

मागची काठी आधी माझ्या नवऱ्याची होती. गसचे गुडघे गेले तेव्हा तो म्हणाला, "व्हर्ना, एवढा एक हंगाम धर." मी तेव्हा शाळेची बस चालवायचे, शनिवार मोकळाच असायचा. धरली. पुढं गसही गेला, काठी हातात राहिली.

आर्डन मात्र बेचाळीस हंगाम तिथं उभा आहे. गेल्या वर्षापर्यंत एकही घरचा सामना चुकवला नव्हता. एरवी तो धान्याच्या कोठारावर वजनकाट्याला असायचा, आणि काट्यावरचा माणूस कसा असतो ते आमच्याकडं पोराटोरांनाही माहीत आहे. मक्याचा एक दाणा इकडचा तिकडं होऊ द्यायचा नाही. मैदानावरही तेच. साखळीवाले पाहुण्यांच्या बाजूला उभे राहतात, त्यांच्या पोरांच्या पुढ्यात, त्यांच्या आईबापांकडं पाठ करून. टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही, खेळाडूंशी गप्पा मारायच्या नाहीत, मागं वळून बघायचं नाही. एकदा आमच्यातल्या एकानं आपल्या पोरांनी मारलेल्या मुसंडीला नुसती मूठ हवेत उडवली, तर आर्डननं त्याला मध्यंतरातच घरी पाठवलं. माणूस वाईट नाही हो. पण हट्टी! हट्टाला काही सुमार?

आमची कॉन्फरन्स तिसऱ्या डिव्हिजनची. नऊ लहान लहान कॉलेजं, सगळी मक्याच्या शेतांत उभी. टीव्हीवाले फिरकत नाहीत. पोरं खेळतात ती हौसेनं, आणि सोमवारी रसायनशास्त्राचा पेपर देतात. त्यातही हॅलिंग म्हणजे तळाचा गाळ. गेल्या वर्षी, म्हणजे दोन हजार तेवीसच्या हंगामात, पहिला सामना पंचेचाळीस-तीननं हरलो. दुसऱ्या सामन्यात आमच्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या पोराचा, अंगठा मोडला. मग जे सुरू झालं ते बघवत नव्हतं. हरलो, हरलो, पुन्हा हरलो. ऑक्टोबर संपेपर्यंत दुकानात लोक एकमेकांना स्कोअर विचारायचे बंद झाले.

आर्डनचं मात्र त्या हंगामात स्कोअरकडं लक्षच नव्हतं. त्याला कारण होतं.

ऑगस्टमध्ये रॉय्सनं त्याला दात साफ करायला खुर्चीत बसवलं होतं. रॉय्स आमचा गावचा दातांचा डॉक्टर आणि मैदानावर आमचा तिसरा सोबती. कितवा प्रयत्न चालू आहे त्याची पाटी तो धरतो. कॉन्फरन्समधल्या सगळ्या संघांच्या याद्या वाचायची त्याला खोड आहे. आर्डनच्या तोंडात नळी घालून हा वाचतोय, "वॉबेक कॉलेज. चव्वेचाळीस नंबर, टोबिन केसेनिक, दुसरं वर्ष, गाव गॅलेना." आर्डन नळीसकट उठून बसला.

केसेनिक म्हणजे त्याच्या जावयाचं आडनाव. टोबिन म्हणजे मॅरिटचा मुलगा. आणि मॅरिट म्हणजे आर्डनची एकुलती एक लेक, जी बावीस वर्षं त्याच्याशी धड बोललेली नव्हती.

का, ते सांगते. त्यात माझाही थोडा हात आहे, म्हणून जिवावर येतं.

दोन हजार एकच्या ऑक्टोबरमध्ये मॅरिटचं लग्न होतं, नवऱ्याच्या गावी, गॅलेनाला. शनिवारी दुपारी चार वाजता. त्या दिवशी आमचा सामना अकरा वाजता होता. आर्डननं हिशेब केला. पावणेदोनला सामना संपेल, दोन तासांचा रस्ता, पावणेचारला चर्चच्या दारात. सूट गाडीत टांगून ठेवला होता. त्याची बायको आयडेला आदल्या दिवशीच गेली होती, जाताना म्हणाली, "आर्डन, आजच्या दिवस दुसऱ्या कुणाला तरी उभं कर." तर म्हणे, "पंधरा मिनिटं हातात आहेत की!"

आणि मेला तो सामना बरोबरीत अडकला. ओव्हरटाइम. मग दुसरा. मग तिसरा. तिसऱ्याला मी घड्याळ बघितलं होतं, अडीच वाजून गेले होते. म्हणायला हवं होतं, "जा रे बाबा, पोरगी दारात उभी असेल." नाही म्हटलं. खोटं कशाला बोलू, सामना रंगला होता, मलाही त्याचा शेवट बघायचा होता. रॉय्स एवढं म्हणाला, "आर्डन, तुला निघायचं होतं ना?" तर हा म्हणतो, "एका काठीनं काही मोजता येत नाही."

चौथ्या ओव्हरटाइमला जिंकलो. हा पोचला पाच वाजता, सूट गाडीतच, अंगात नारिंगी जाकीट. बापाच्या हाताला धरून आत जायचं म्हणून मॅरिट पंचवीस मिनिटं चर्चच्या दारात हातात फुलं घेऊन थांबली होती. मग एकटीच आत चालत गेली. सासऱ्यानं हात पुढं केला होता, तो तिनं धरला नाही. हा पोचला तेव्हा सगळे जेवणाला बसले होते. ती उठून आली आणि शांतपणे विचारलं, "संपला का सामना?"

आणि या माणसानं, या वजनकाट्यावरच्या शहाण्यानं काय सांगावं? "संपला. जिंकलो आपण. सदतीस-चौतीस."

आयडेलानं मला हे सांगितलं तेव्हा मी हातातला कप खाली ठेवला. अरे, पोरीला कुणी स्कोअर सांगतं का! पण त्याला वाटलं असणार की तिला स्कोअरच ऐकायचाय. लहान असताना ती नेहमी हेच विचारायची; कुंपणावर बसून ती ह्याची दर शनिवारी वाट बघायची, आणि हा स्कोअर सांगत सांगत तिला खांद्यावर घेऊन घरी जायचा.

त्यानंतर मॅरिट हॅलिंगला आली नाही. भांडली नाही, ओरडली नाही, नुसती आली नाही. आयडेला जायची वर्षातून तीनदा. नातवाचे फोटो आणायची, ते फ्रिजवर लागायचे. सहा वर्षांपूर्वी आयडेला वारली. मॅरिट दफनाला आली, खड्ड्याच्या पलीकडच्या बाजूला उभी राहिली आणि चर्चच्या तळघरातल्या जेवणाला न थांबता निघून गेली. फ्रिजवरचा शेवटचा फोटो तेरा वर्षांच्या पोराचा राहिला. एकदा आर्डन गाडी काढून गॅलेनाला निघालाही होता. अर्ध्या वाटेवर पेट्रोल भरलं आणि परत आला. का रे बाबा, विचारलं, तर म्हणाला, "काय सांगू तिला जाऊन?" मी म्हटलं, "चुकलो म्हण." तो म्हणाला, "ते तिला माहीतच आहे की."

तर असा हा टोबिन, वॉबेकचा चव्वेचाळीस नंबर. आणि वॉबेकशी आमचा सामना हंगामात शेवटचा, अकरा नोव्हेंबरला, आमच्या मैदानावर. या डिव्हिजनमध्ये पोरांचे आईबाप एकही सामना सोडत नाहीत. तीनतीनशे मैल गाडी हाकत येतात. म्हणजे पोरगा येणार तर मॅरिटही येणार. पाहुण्यांच्या बाजूला बसणार. म्हणजे आर्डनच्या बरोबर पाठीमागं.

सगळा हंगाम त्याचा जीव असा टांगणीला लागला होता. आमची पोरं मार खात होती आणि हा टाइमआउटला मला काहीतरी विचारायचा.

"व्हर्ना, एकोणीस वर्षांची पोरं खातात काय?"

"समोर येईल ते."

"लिंबाच्या वड्या खात असेल?"

"आर्डन, पंच बोलावतोय. चल पुढं."

मग ऑक्टोबरमध्ये एकदा, "ती बोलली नाही तर चालेल गं मला. नुसती समोरून दिसली तरी पुरे." हे मात्र त्यानं माझ्याकडं न बघता म्हटलं.  मलाही गस नुसता समोरून दिसला असता तर पुरे होतं.

अकरा नोव्हेंबर उजाडला. नऊ सामने, नऊ पराभव, हातात हा एक. ऊन होतं पण वारा कापत होता. आर्डन नऊलाच येऊन बसला होता. दाढी इतकी घोटलेली की हनुवटीवर दोन ठिकाणी कापलेलं. नारिंगी जाकिटाच्या आत इस्त्रीचा शर्ट. आणि बगलेत पत्र्याचा डबा, आयडेलाच्या लिंबाच्या वड्या. स्वतः केल्या होत्या. मी एक उचलली. खाली करपल्या होत्या.

"बऱ्या झाल्यात," मी म्हटलं.

"खोटं बोलू नको."

"बरं, करपल्यात. पण पोरं खातील."

सामना सुरू झाला आणि पहिल्या टाइमआउटला मी मागं वळले. नियम गेला खड्ड्यात. सातव्या रांगेत ती होती. हिरवी टोपी, मांडीवर हिरवी घोंगडी, कानावरचे केस पांढरे झालेले. आयडेलाची हनुवटी.

"आहे," मी आर्डनजवळ जाऊन म्हटलं.

तो काठीकडंच बघत राहिला. "कुठं?"

"तुझ्या मागं. सातवी रांग."

"बारीक झालीय?"

"वळून बघ ना, मेल्या! तुझी मान धरलीय का कुणी?"

"खेळ चालू आहे."

"टाइमआउट आहे!"

"घड्याळ थांबलंय. खेळ चालूच असतो," असं म्हणाला आणि दुसऱ्या हातानंही काठी धरली.  इतकी वर्षं मी बघतेय, त्या काठीला त्याला दोन हात कधी लागलेले नाहीत.

खरं सांगू? तो भ्याला होता. बघितलं आणि तिनं मान फिरवली, तर बावीस वर्षं सांभाळलेली तेवढी आशासुद्धा जाणार होती.

पोरगा छान होता. रुंद खांद्याचा, धावताना जरा डावीकडं झुकणारा, आर्डन चालतो तसाच. बाहेर असला की आमच्यापासून चार हातांवर उभा राहायचा. दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्यानं पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि आर्डनला विचारलं, "काका, किती राहिले?"

आर्डननं चेंडूकडं बघितलं, काठीकडं बघितलं. "दोन यार्ड," म्हणाला. मग थोडं थांबून, "दोनाला थोडं कमी."

"थँक्यू," पोरगा म्हणाला आणि शिरस्त्राण चढवून आत पळाला.

बस्स. आजा-नातवाचं एवढंच बोलणं. पुढच्या टाइमआउटला आर्डन माझ्याकडं आला, डोळे भरलेले. "त्यानं मला विचारलं," म्हणाला.

मध्यंतरात मी त्याला डबा घेऊन कुंपणाकडं ढकललंच. "जा. कॉफी घ्यायला ती इकडूनच जाणार." तो गेला. डबा दोन्ही हातांत धरून, शाळेत बक्षीस घ्यायला उभं राहतात तसा उभा राहिला. मॅरिट आली, बरोबर दुसरी एक आई, दोघी बोलत होत्या. त्याच्यापासून सहा पावलांवरून ती गेली. पावलं जराशी अडखळली, हे मी शपथेवर सांगते. पण ती थांबली नाही. त्यानंही हाक मारली नाही. परत आला आणि डबा माझ्या पिशवीत ठेवला.

"तोंड शिवलंय का तुझं?" मी इतकी चिडले होते की रॉय्स मधे पडला.

"हाक मारायला काहीतरी हक्क लागतो, व्हर्ना," एवढंच तो म्हणाला.

मग शेवटचा, चौथा क्वार्टर. आणि कर्म बघा, हॅलिंग सतरा-चौदानं पुढं! नऊ सामने मार खाल्लेली पोरं जिवावर उदार होऊन खेळत होती. समोरच्या बाजूला आमचं अख्खं गाव उभं राहून गळे फाडत होतं. सहा मिनिटं उरली होती, चेंडू आमच्याकडं. आमचा पोरगा चेंडू घेऊन कडेकडं धावत आला, सरळ आर्डनच्या काठीवर, आणि मागून चव्वेचाळीस नंबरनं झेप घेतली.

खेळ अंगावर आला की काठी टाकायची आणि मागं सरायचं, हा नियम. आर्डननं काठी टाकली, मागं सरला. दोघं त्याच्या पायाशी येऊन आदळले. आमचा उठला. टोबिन उठला नाही.

खांदा धरून कण्हत होता. पंचानं शिट्टी वाजवली. आमच्याकडं रीत आहे, पोरगं पडलं की दोन्हीकडची सगळी पोरं जिथं असतील तिथं एका गुडघ्यावर बसतात, आणि लोक गप्प होतात. अख्खं मैदान असं गप्प झालं की झेंड्याच्या दोरीचा खांबावरचा आवाज ऐकू येत होता.

मॅरिट कुंपणावरून कशी आली कोण जाणे. पोराच्या एका बाजूला ती गुडघ्यावर, दुसऱ्या बाजूला आर्डन. मधे पोरगा. तिनं मान वर केली नाही. "बोटं हलव," पोराला म्हणाली. त्यानं हलवली. "शहाणा गं माझा," म्हणाली. खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलं होतं, असं नंतर कळलं. त्याला उचलून ॲम्ब्युलन्सकडं नेलं. गाडी तिथंच होती, कोपऱ्यात, आमच्यापासून वीस पावलांवर. मॅरिट मागून चढली.

आर्डननं वाकून काठी उचलली. सवयीनं. आपल्या जागी जाऊन उभा राहिला, साखळी ताणली. पोरं अजून गुडघ्यावरच होती. पंचानं ॲम्ब्युलन्सकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं, आणि शिट्टी ओठांकडं न्यायला लागला.

मी बावीस वर्षांपूर्वी तोंड उघडलं नव्हतं. या वेळी उघडलं. "आर्डन," मी ओरडले, "पोरगी दारात उभी आहे!"

सगळ्या मैदानानं ऐकलं असेल. ऐकू दे.

तो वळला. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, खेळ संपलेला नसताना, त्यानं लोकांकडं तोंड केलं. मग साखळी मागं फरफटवत माझ्याकडं चालत आला आणि आपली काठी माझ्या दुसऱ्या हातात दिली.

"धर," म्हणाला.

"जा," मी म्हटलं. जाताना माझ्या पिशवीतला डबा उचलायला विसरला नाही, तो हट्टी म्हातारा.

पंच काहीतरी ओरडला. तो थांबला नाही. ॲम्ब्युलन्सच्या उघड्या दाराशी जाऊन उभा राहिला, डबा हातात, धाप लागलेली. आत मॅरिट बाकड्यावर बसली होती, शेजारी ती हिरवी घोंगडी. तिनं खूप वेळ त्याच्याकडं बघितलं. मैदान अजून गप्पच होतं, म्हणून मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"संपला का सामना?" तिनं विचारलं.

"नाही," आर्डन म्हणाला. "सहा मिनिटं राहिलीत."

तिनं घोंगडी उचलून मांडीवर घेतली.

तो आत चढला, दार लागलं, गाडी गेली. माझ्या दोन हातांत दोन काठ्या, मधे साखळीचा ढीग, आणि नाक पुसायला हात नाही. शेवटी आमचे पाद्री कुंपण ओलांडून आले आणि त्यांनी पुढची काठी धरली. वाकडी धरली, पण धरली.

सामना आम्ही जिंकलो. हंगामातला एकुलता एक. गाव मैदानात घुसलं, लोक रडले, कुणीतरी मलाही उचलायला बघत होतं. आता वर्ष होईल त्याला. आर्डन महिन्यातून दोनदा गॅलेनाला जातो, शनिवार असला तरी जातो, आणि परत येताना माझ्याकडं कॉफीला थांबतो. पोराचं हाड कसं जुळलं ते सांगतो, मॅरिटनं जेवायला काय केलं होतं ते सांगतो, वड्या करपू नयेत म्हणून ती काय करते ते सांगतो. त्या सामन्याचा स्कोअर त्यानं मला अजून विचारलेला नाही.